लोखंडाचं पाणी आणि कातड्याचा रंग

बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा फिकट बदामी तुकडा घ्या. गंजके खिळे काही दिवस व्हिनेगरमध्ये भिजत ठेवून गाळलेलं पाणी कापसाच्या बोळ्याने त्यावर फिरवा. त्या पाण्याचा स्वतःचा रंग काळा नसतो. तरी बोळा जिथे फिरला तिथे कातडं आधी राखाडी होतं, मग निळसर, आणि बघता बघता काळंभोर! हेच पाणी क्रोमियमच्या क्षारात कमावलेल्या कातड्यावर लावलं, तर ते काळं होत नाही.

हा काळा रंग कुणी लावलेला नाही, तो कातड्यातच तयार झाला आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात टॅनिन असतं. लोखंडाशी गाठ पडली की ते काळं पडतं. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, घालून पूर्वी शाई करत, तिच्यामागेही हेच रसायन. दौतीत होणारी शाई इथे कातड्याच्या तंतूंत होते, म्हणून ती पुसून निघत नाही.

कोल्हापुरी चपलेची सगळी शान या टॅनिनवर उभी आहे. कच्चं कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात. मग ते धुऊन बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवतात. कातडं शिवून त्याची पिशवी करायची, ती टांगायची, आत साल, हिरडा आणि पाणी भरायचं आणि ते हळूहळू झिरपू द्यायचं, ही त्यातली खास जुनी रीत. कातडं मुळात कोलॅजन या प्रथिनाचं. तिपेडी वेणीसारखे एकमेकांत वळलेले त्याचे तीन पदर असतात, आणि टॅनिन त्यांना चिकटून बसतं. त्यामुळे कातडं कुजत नाही आणि त्याला तो उबदार तांबूस-बदामी रंगही येतो. म्हणजे रंगारी हात लावण्याआधी निम्मा रंग कमावणाऱ्याने ठरवलेला असतो! रंगाची चर्चा होते तेव्हा या माणसाचं नाव कुणी घेत नाही, ही मला मोठी उणीव वाटते. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. त्या मानाचा मोठा वाटा कमावणाऱ्या हातांचा आहे.

उरलेला निम्मा रंग आज बहुधा कारखान्यातून येतो. पालघर जिल्ह्यातल्या बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीत रंग आणि रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणारे कारखाने आहेत. या उद्योगातलं एक मोठं कुटुंब म्हणजे ॲझो रंग. ते बनवताना पहिली पायरी शून्य ते पाच अंशांच्या थंडाव्यात उरकावी लागते. तापमान वाढलं तर मधला पदार्थ टिकत नाही. लालभडक रंगाचा जन्म बर्फाच्या गारव्यात होतो, याचं मला आजही नवल वाटतं.

कातड्यासाठी मुख्यतः ॲसिड डाय वापरतात. त्यांच्या कणांवर ऋण भार असतो. रंगाच्या टबातलं पाणी आधी आम्लधर्मी नसतं, तेव्हा रंग कातड्यात खोल शिरतो. मग थोडं फॉर्मिक ॲसिड घालतात. त्याने प्रथिनावर धन भार येतो आणि रंग त्याला घट्ट धरून राहतो. काम नीट जमलं तर टबातलं गडद पाणी फिकं होत जातं, कारण रंग कातड्याने ओढून घेतलेला असतो. क्रोमच्या कातड्यावर हे रंग झगझगीत उठतात. सालीच्या कातड्यात बऱ्याच जागा टॅनिनने आधीच अडवलेल्या असतात, त्यामुळे तिथे तेच रंग मंद, मातकट दिसतात. मला तेच जास्त आवडतात.

हाताने रंगवताना खरी कसोटी पहिल्या स्पर्शाची. कोरडं कातडं पहिला थेंब एकाच जागी पिऊन टाकतं आणि डाग पडतो. म्हणून ते आधी ओल्या फडक्याने सारखं दमट करतात. मग पातळ रंगाचे हात गोल फिरवत, एकावर एक. कडांना एखादा हात जास्त दिला की मध्ये उजळ, काठाला गडद अशी छटा उतरते. ठशाने उठवलेली नक्षी असेल तर गडद रंग चोळून वरवर पुसतात. खळग्यांत तो राहतो आणि वेलबुट्टी उठून दिसते. शांतिनिकेतनच्या चर्मकलेत तर कातड्यावर मेण लावून बाटिकही करतात. शेवटी कोरड्या फडक्याने घासून सुटा रंग काढायचा आणि तेल किंवा मेणाचा हात द्यायचा.

जो रंग कातड्यात बसला नाही, तो पाण्यात जातो. रंग बनतो तिथेही प्रश्न पाण्याचाच. तारापूरचं औद्योगिक सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं, आणि त्याविरुद्ध तिथल्या मांगेला मच्छीमार समाजाला हरित लवादाकडे दाद मागावी लागली. कातडं रंगवणाऱ्या छोट्या कारागिरानेही टबातलं पाणी गटारात ओतण्यापूर्वी त्यात किती रंग उरला आहे ते पाहावं.

चप्पल किंवा पाकीट घेताना कापलेली कड जरूर बघा. सालीत कमावलेल्या कातड्याची कड बहुधा बदामी किंवा तपकिरी असते, क्रोमची अनेकदा निळसर-राखाडी. पांढरं फडकं ओलं करून आतल्या बाजूला घासून बघा. खूप रंग लागला तर तो मोज्यालाही लागेल. आणि दुकानदाराला विचारा, कातडं कशात कमावलंय?