नेत्रातील नाडी

काही वर्षांपूर्वी शीव कोळीवाड्यातील आमच्या चिकित्सालयात साठीचे एक गृहस्थ आले. उजव्या डोळ्यापुढे पडदा ओढल्याप्रमाणे अंधार होतो, पाच-सात मिनिटांत तो आपोआप दूर होतो, वेदना मुळीच नाही, अशी तक्रार होती. दोन्ही मनगटांची नाडी सम व बलवान. आम्ही तिमिराची शंका धरून त्रिफळा घृत दिले आणि आठ दिवसांनी बोलाविले. ते चौथ्याच दिवशी परत आले. अंधार आणखी दोनदा आला होता. तेव्हा कोठे आम्ही मानेवर स्टेथोस्कोप ठेवला. उजव्या बाजूस फूत्कारासारखा ध्वनी ऐकू आला. त्यांना तत्काळ शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात पाठविले. डॉप्लर तपासणीत उजवी आंतर कॅरोटिड धमनी बहुतांशी अवरुद्ध आढळली. मधले चार दिवस पक्षाघाताविना गेले, हे त्या रुग्णाचे दैव. आमचे कौशल्य नव्हे.

मनगटावरील नाडीने हे का सांगितले नाही? उत्तर शारीरात आहे. मनगटाकडे येणारे रक्त सबक्लेव्हियन धमनीतून येते, तर नेत्राची धमनी ही आंतर कॅरोटिडची शाखा. एक मार्ग रुद्ध असताना दुसरा निर्वेध असू शकतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील नाडीविश्लेषक काय किंवा २००७ साली शोधनिबंधातून पुढे आलेली ‘नाडी तरंगिणी’ काय, आपल्याकडील यंत्रांचे लक्ष मुख्यतः मनगटावरच राहिले.

अष्टविध परीक्षेत नाडीसह दृक् परीक्षाही आहे. परंतु नेत्रालाही स्पंदन असते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यास कोरॉईड या रक्तबहुल पटलात रक्त भरते. नेत्रांतर्गत दाब सामान्यतः १० ते २१ मि.मी. पारा असतो, तो ठोक्यागणिक सुमारे २-३ मि.मी.ने चढतो-उतरतो आणि नेत्रगोलाच्या भित्ती काही मायक्रोमीटर हलतात. श्रवणातीत ध्वनी नेत्रात सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून ही हालचाल मोजता येते. १० मेगाहर्ट्झ ध्वनीची तरंगलांबी नेत्रात सुमारे ०.१५ मि.मी. असते, म्हणजे हालचालीहून कितीतरी मोठी. म्हणून केवळ प्रतिध्वनीचे चित्र पाहून भागत नाही. तरंगाच्या कलेतील सूक्ष्म फरक टिपावा लागतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत दोन्ही डोळ्यांवर वाट्या बसवून त्यांच्या स्पंदनांची तुलना करीत. त्यासाठी डोळे बधिर करावे लागत. पुढे मानेच्या डॉप्लरने ती पद्धत मागे टाकली. श्रवणातीत ध्वनीने नेत्रस्पंदन मोजण्याचे काम आजही प्रामुख्याने संशोधनापुरतेच आहे. निदानाचा भार मानेच्या डॉप्लरवरच आहे. या तरंगांत वात-पित्त-कफ शोधण्याची घाई आम्हांस मान्य नाही.

काही वैद्यमित्र यंत्र विकत घ्यावे काय, असे विचारतात. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या अधिनियमामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीविना ठेवता येत नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे. शिवाय डोळ्यासाठी ध्वनीची तीव्रता इतर अवयवांपेक्षा फार कमी ठेवावी लागते. पोटासाठीची मांडणी तशीच डोळ्यावर वापरू नये.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंकडे असा रुग्ण बहुधा आमच्याही आधी पोहोचतो आणि डोळ्यांत घालावयाचे थेंब मागतो. त्यास एवढेच विचारावे : अंधार आला तेव्हा एकेक डोळा झाकून पाहिलात काय? एकाच डोळ्यास अंधार असेल तर थेंब देऊ नयेत, त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. वैद्याने मानेच्या दोन्ही बाजू, रुग्णास क्षणभर श्वास रोखावयास सांगून, ऐकाव्यात. ध्वनी ऐकू आला नाही तरीही रुग्णास पाठवावेच. धमनी अतिशय अरुंद झाली की तो ध्वनीही लोपतो.