संमती की नाइलाज?

आपल्या धर्मग्रामांतील माणसे चार घटका एकत्र बसली की तीन तक्रारी हमखास कानी पडतात. पहिली राजकारणाची. मते मागायला सारे येतात, नंतर कोणी विचारीत नाही. दुसरी पैशाची. मोठ्या कंपन्या ठरवतील तो दर आणि घालतील ती अट. तिसरी तक्रार अलीकडची आहे. मोबाइलमधले प्रत्येक ॲप घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या मागते आणि दिल्या नाहीत तर काम अडवून धरते. वरवर पाहता या तिन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु आमच्या मते त्यांच्या मुळाशी दुखणे एकच आहे. आपल्याकडून होकार घेतला जातो, पण नकार देण्याची सोय ठेवलेली नसते. जेथे ‘नाही’ म्हणता येत नाही, तेथे ‘हो’ म्हणण्याला संमती म्हणावे काय, या प्रश्नाचा विचार ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रकाशात करण्याचा येथे प्रयत्न आहे.

कोपरच्या रहिवाशाची गोष्ट

कोपर हे मध्य रेल्वेवरील दिवा व डोंबिवली यांच्यामधले स्थानक. याच ठिकाणी वसई-दिवा मार्ग वरून जातो, त्यामुळे वसईकडच्या प्रवाशांनाही ते ठाऊक आहे. हा परिसर कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत येतो. २०१५ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. आधी कोविडची साथ आणि मग प्रभागरचना व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांवरील न्यायालयीन वाद, यांमुळे निवडणूक लांबत गेली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी राज्यातील रखडलेल्या स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी येथे मतदान झाले. मधली पाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. कोपरच्या रहिवाशाने या काळात मालमत्ता कर भरला, पाणीपट्टी भरली. परंतु गटार तुंबले म्हणून ज्याच्या दारी जावे असा निवडून दिलेला नगरसेवक त्याला नव्हता. कर घेताना त्याची आठवण होती, निर्णय घेताना नव्हती.

हाच रहिवासी गाडीत उभ्या उभ्या मोबाइल काढतो, तेव्हा तेथेही त्याला हाच अनुभव येतो. दहा-बारा पानांचा इंग्रजी मजकूर समोर येतो आणि खाली एकच बटण असते: ‘मान्य आहे’.

ॲप काय मागते आणि का मागते?

ॲपला आपल्या मोबाइलमधील एखादी गोष्ट हवी असेल तर त्याला परवानगी मागावी लागते. आपण कोठे आहोत, आपले छायाचित्रसंग्रह, कॅमेरा, ध्वनिग्राहक, संदेश आणि आपल्याजवळ नोंदवलेले इतरांचे दूरध्वनी क्रमांक या त्यांतील मुख्य गोष्टी. प्रत्येक मागणी वाईट हेतूनेच केलेली असते असे नाही. रेल्वेच्या तिकिटाच्या ॲपला आपले ठिकाण लागते, कारण गाडीत चढल्यावर तपासनीस दिसताच तिकीट काढण्याची पळवाट बंद व्हावी. येथे मागणी आणि काम यांचा संबंध उघड आहे.

पण विजेरीच्या ॲपला आपले ठिकाण कशासाठी हवे? अमेरिकेत ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचे असे एक ॲप कोट्यवधी लोकांनी घेतले होते. ते वापरणाऱ्याचे ठिकाण जाहिरात कंपन्यांना पुरवत होते आणि हे त्याला स्पष्टपणे सांगितलेले नव्हते. तेथील व्यापार आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये त्या कंपनीवर कारवाई केली. तेव्हा कळले की उजेड फुकट मिळत होता, पण त्याची किंमत वेगळ्या नाण्यात मोजली जात होती.

क्रमांकांच्या यादीची परवानगी तर अधिक विचार करायला लावणारी आहे. ती यादी केवळ आपली नसते. तीत आपली विहीणबाई, मुलांचे शिक्षक, डॉक्टर आणि धर्मगुरूही असतात. आपण एक बटण दाबतो आणि त्या सर्वांच्या वतीने होकार देऊन बसतो. त्यांना मात्र कोणी विचारलेले नसते.

गरजवंताचा होकार

याचे सर्वांत दाहक रूप मोबाइलवरील झटपट कर्जाच्या धंद्यात दिसले. टाळेबंदीच्या काळात अनेकांचे रोजगार गेले. कागदपत्रे नकोत, जामीन नको, दहा मिनिटांत पैसे, अशी जाहिरात पाहून लोकांनी पाच-दहा हजारांची कर्जे घेतली. अट एकच होती: क्रमांकांची यादी आणि छायाचित्रे यांची परवानगी. हप्ता चुकला की वसुलीवाले त्या यादीतील नातेवाइकांना व वरिष्ठांना फोन करीत. छायाचित्रांत अश्लील फेरफार करून ती पाठवण्याचे प्रकार घडले. या छळाने देशभरात काहींनी आत्महत्या केल्या.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये एक कार्यगट नेमला. त्याने केलेल्या पाहणीत कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप आढळली आणि त्यांतील सुमारे ६०० बेकायदा होती. २ सप्टेंबर २०२२ रोजी बँकेने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार कर्जाच्या ॲपला ग्राहकाचे क्रमांक, फोनची नोंद आणि छायाचित्रे पाहण्यास मनाई आहे. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा किंवा ठिकाण एकदाच, तेही स्पष्ट संमतीने वापरता येते. याचा अर्थ साधा आहे. आज एखादे कर्जाचे ॲप क्रमांकांची यादी मागत असेल, तर ते नियम मोडत आहे आणि त्यापासून दूर राहावे.

‘गरजवंताला अक्कल नसते’ असे आपण सहज म्हणतो. खरे तर त्याला अक्कल असते, पर्याय नसतो.

बलाढ्यांची अट

जेथे गरज पैशांची नसते, तेथे सवयीची आणि संबंधांची असते. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपले धोरण बदलले आणि नव्या अटी मान्य करा, अन्यथा सेवा पूर्ववत वापरता येणार नाही, अशी सूचना केली. आपले नातेवाईक, कामाचे ठिकाण, सोसायटी आणि मिस्साच्या वेळा कळवणारा धर्मग्रामाचा गट सारे तेथेच असताना नकार द्यायचा कसा? भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हा बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर ठरवून मूळ कंपनी मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. मात्र जाहिरातींसाठी माहिती इतर कंपन्यांना देण्यावरील पाच वर्षांची बंदी उठवली.

शासनही या मोहापासून दूर नाही. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीपासून घालण्याचा आदेश उत्पादकांना दिला. हरवलेला फोन शोधणे, फसवणुकीची तक्रार करणे ही त्याची कामे उपयुक्तच आहेत. पण ज्याला नको आहे त्याच्यावरही ते लादले जाणार होते. आक्षेप उठले आणि ३ डिसेंबर रोजी, म्हणजे आठवडाभराच्या आत, सक्ती मागे घेण्यात आली. नागरिकांनी विचारले तर शासन ऐकते, हा या घटनेतील आशादायक भाग आहे.

‘आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’

असा प्रश्न पुष्कळ सज्जन माणसे विचारतात. त्यांना आम्ही फादर स्टॅन स्वामी यांचे स्मरण करून देऊ. झारखंडमधील आदिवासींमध्ये आयुष्य वेचलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंना ८ ऑक्टोबर २०२० रोजी भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली. कंपवाताने ग्रासलेले फादर तळोजा कारागृहात होते. जामिनाची सुनावणी चालू असतानाच ५ जुलै २०२१ रोजी वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात वयाच्या ८४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने त्यांच्या संगणकाची तपासणी केली. डिसेंबर २०२२ मध्ये पुढे आलेल्या तिच्या अहवालानुसार छुप्या सॉफ्टवेअरद्वारे त्या संगणकात बाहेरून कागदपत्रे घालण्यात आली होती. तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही. तथापि, एक गोष्ट सर्वांनीच ध्यानात घ्यावी. दार उघडे राहिले तर आतले बाहेर जाते एवढेच नव्हे, बाहेरचेही आत येऊ शकते.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

संमतीचा विचार आपल्या श्रद्धेला नवा नाही. नाझरेथ गावी देवदूत मरियेकडे आला, तो आज्ञापत्र घेऊन नव्हे. तिने प्रश्न विचारला, तिला उत्तर मिळाले आणि मगच तिने होकार दिला. सर्वसमर्थ परमेश्वरही एका तरुणीच्या उत्तरासाठी थांबला. देव जर माणसाच्या स्वातंत्र्याचा इतका मान राखतो, तर त्याहून कमी मान राखण्याचा अधिकार कोणत्या सत्तेला किंवा कंपनीला आहे?

विवाहाच्या साक्रामेंताआधी धर्मगुरू वधुवरांना विचारतात की, तुम्ही कोणत्याही दडपणाविना आला आहात ना? कॅनन कायद्याच्या ११०३व्या कलमानुसार बळजबरीने किंवा गंभीर भीतीपोटी दिलेल्या होकाराने विवाह होतच नाही. त्याच कायद्याचे २२०वे कलम प्रत्येकाच्या लौकिकाचे व खाजगीपणाचे रक्षण करते. पापनिवेदनाची गुप्तता तर कोणत्याही कारणास्तव मोडता येत नाही. माणसाच्या अंतःकरणात एक गाभारा असतो आणि तेथे परवानगीवाचून कोणी शिरायचे नसते, हा या सर्वांचा अर्थ आहे.

पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. मालक व कामगार यांनी आपसांत मजुरी ठरवली म्हणजे ती न्याय्य झाली, हे मत त्यांनी नाकारले. दुसरा मार्ग नाही म्हणून कामगार कठोर अट स्वीकारतो तेव्हा तो करार नसून त्याच्यावरील जबरदस्ती असते, असे त्यांनी बजावले. गिरणीच्या दारातील मजुराविषयीचा हा विचार मोबाइलवरील बटणालाही तंतोतंत लागू पडतो. म्हणूनच ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेताना त्याच परिपत्रकाचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगातील मानवी प्रतिष्ठा, न्याय व श्रम यांचा उल्लेख केला.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात आणखी एक तत्त्व मांडले. लहान समुदाय जे स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये. पाच वर्षे लोकप्रतिनिधींविना चाललेल्या महापालिकेकडे या तत्त्वाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे तेथे काय हरवले होते ते कळते.

कायद्याचा आधार

के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. त्यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट व समजून दिलेली असली पाहिजे आणि ती जितक्या सहजपणे देता येते तितक्याच सहजपणे मागेही घेता आली पाहिजे. कायद्यात एक बोलके उदाहरण आहे. वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपने क्रमांकांची यादी मागितली व ग्राहकाने ‘हो’ म्हटले, तरी ती यादी उपचाराला आवश्यक नसल्याने तो होकार तेवढ्यापुरता धरला जाणार नाही. सूचना मराठीत वाचण्याचा पर्यायही मिळाला पाहिजे. शासन स्वतःच्या यंत्रणांना यातून सूट देऊ शकते, ही मात्र या कायद्यातील मोठी उणीव आहे.

आपण काय करावे?

मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये परवानग्यांची यादी असते. रविवारच्या मिस्सानंतर युवक मंडळाने अर्धा तास दिला, तर वडीलधाऱ्यांना ती उघडून दाखवता येईल. ज्या ॲपच्या कामाशी परवानगीचा संबंध नाही ती काढून टाकावी. ठिकाणाची परवानगी केवळ ॲप वापरतानाच द्यावी. फसवणूक झाल्यास लाज न बाळगता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

कर्जाची पाळी आलेल्या कुटुंबाला ॲपच्या दारी जाण्याआधी आपले दार उघडे दिसले पाहिजे. वसईत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली पतसंस्था पुढे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. गरजवंताला सावकाराच्या अटीपुढे मान तुकवावी लागू नये, हाच सहकाराचा मूळ हेतू आहे. आजचा सावकार खिशात बसला आहे, म्हणून तो हेतू जुना झालेला नाही.

धर्मग्रामानेही स्वतःपासून आरंभ करावा. अर्जात आवश्यक तेवढीच माहिती मागावी. कोणाचा क्रमांक गटात घालण्यापूर्वी त्याला विचारावे. प्रथम कम्युनियनच्या मुलांची छायाचित्रे सर्वत्र पाठवण्यापूर्वी पालकांची अनुमती घ्यावी. आणि निवडून आलेल्या नगरसेवकाला वर्षातून दोनदा तरी धर्मग्रामाच्या सभागृहात बोलवावे व प्रश्न विचारावेत. आपण एकमेकांना विचारण्याची सवय लावली, तरच सत्तेने आपल्याला विचारावे अशी अपेक्षा करण्याचे नैतिक बळ आपल्याला लाभेल. मरियामाता आपणांस प्रश्न विचारण्याचे धैर्य देवो आणि आपला होकार खऱ्या अर्थाने आपला असो.