पॅनेलवरून खासगी वकिलीकडे

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे एमआयडीसी वाढली, मग कारखानदारी चाकणपर्यंत पोचली. कारखान्यांमागून खटले आले आणि खटल्यांमागून वकील. त्यातल्या अनेकांची खरी शाळा म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाची मोफत प्रकरणे.

1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात गरीब कैद्याला सरकारखर्चाने वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा प्रत्यक्षात लागू व्हायला मात्र 1995 उजाडले. त्याच्या कलम 12 नुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. ज्या पट्ट्यात गल्लोगल्ली कामगार राहतात तिथे ही गोष्ट इतक्या कमी जणांना ठाऊक असावी, याचे मला फार वाईट वाटते.

प्राधिकरणाच्या वकिलांच्या पॅनेलवर यायला साधारण तीन वर्षांची वकिली लागते. पॅनेलवरचा वकील आपली खासगी कामेही करू शकतो. फौजदारी प्रकरणांसाठी 2022 पासून आलेली प्राधिकरणाची लोकअभिरक्षक कार्यालये वेगळी आहेत. तिथली नेमणूक पूर्णवेळ, कराराची, आणि खासगी वकिली बंद. सहायक पदावर अगदी नवे वकीलही घेतात. करार संपला की बहुतेकांना स्वतःचे ऑफिस थाटावे लागते.

तोवर जे शिकायला मिळते ते सीनियरच्या हाताखाली तारखा घेऊन मिळत नाही. परराज्यातून आलेल्या कंत्राटी कामगाराला जामीन मंजूर होतो, पण जामीनदार कुठून आणणार? खोली भाड्याची, ओळखीचे सगळे त्याच्यासारखेच. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर आरोपीला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावे, असे कायदा सांगतो. ते न्यायालयापुढे मांडणारा कुणी तरी हवा. प्रेसमध्ये बोटे गेलेला पोरगा आला की आधी विचारायचे, ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, नंबर आहे का? असेल तर मालकाविरुद्ध अपघात भरपाईचा दावा चालत नाही, ईएसआयकडेच जावे लागते. मग नोंदणीची तारीख बघायची: अपघाताच्या आधीची की नंतरची. या एका तारखेवर कधी कधी सगळी केस उभी राहते.

खासगी वकिलीत पक्षकार बदलतात. चेक न वटलेला लघुउद्योजक, जमिनीच्या वाटपावरून भांडणारे खेड तालुक्यातले भाऊ, ताबा न मिळालेला फ्लॅटधारक. कुणाला कंपनीचे कायमचे कामही मिळते. त्यात गैर काही नाही. घरभाडे, मुलांच्या फिया, ऑफिसचा हप्ता पॅनेलच्या मानधनात भागत नाही. ज्या प्रकरणात कामगाराला सल्ला दिला त्यातच त्याच्याविरुद्ध उभे राहायचे नाही, हे बार कौन्सिलच्या नियमांनी बांधूनच दिले आहे.

मला सलते ते दुसरेच. वकील तयार झाला की तो पॅनेल सोडतो आणि कामगाराच्या वाट्याला पुन्हा नवखा येतो. अनुभवी वकिलाने वर्षाला दोन-तीन मोफत प्रकरणे हातात ठेवली तरी फरक पडेल. त्यासाठी दिवसही सोयीचा आहे: इथल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते आणि त्या दिवशी कोर्ट चालू असते. एरवी तारखेला यायचे म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाची हजेरी बुडते. पिंपरी आणि राजगुरुनगर न्यायालयांत दर गुरुवारी एक जुनाजाणता वकील मोफत सल्ल्याला बसला, तर ईएसआयचे कागद घेऊन येणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी सोडावी लागणार नाही.