कर्सिव्ह फॉन्ट घेताय? आधी 'ओ'ला 'एन' जोडून बघा

आजचा विषय घरोघरचा आहे. भाचीला किंवा शिकवणीच्या मुलांना इंग्रजी कर्सिव्ह गिरवायला द्यायचं असतं. आपण फोनवर एखादा देखणा फॉन्ट डाउनलोड करतो, वर्कशीट बनवतो, प्रिंट काढतो. पण लग्नपत्रिकेवर शोभणारा फॉन्ट गिरवायला चालेलच असं नाही.

का? तर खरी गोम जोडणीत आहे. बहुतेक स्मॉल अक्षरं खालच्या रेघेवर संपतात आणि तिथूनच पुढच्या अक्षराला जोडली जातात. पण ओ, बी, व्ही, डब्ल्यू ही वर संपतात, म्हणून त्यांची जोडरेघ वरूनच न्यायची. 'ओ'ची रेघ खालून काढली, तर तो 'ए'सारखा दिसतो. 'ऑन' लिहिलेलं 'अ‍ॅन' वाचलं जातं! पोरं समोर आहे तेच गिरवणार, आणि एकदा हातात बसलेलं वळण मोडणं सोपं नसतं.

चांगल्या फॉन्टमध्ये डिझायनरने एकाच अक्षराचे अनेक आकार काढून ठेवलेले असतात. शेजारचं अक्षर बघून योग्य तो आकार आपोआप बसतो. याला म्हणतात कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट्स. कॉम्प्युटरवरच्या वर्डमध्ये ही सोय फॉन्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये जाऊन चालू करावी लागते, नाहीतर चांगल्या फॉन्टच्या जोडण्याही बिघडू शकतात.

मी काय करतो सांगू? ओ-एन, बी-ई, व्ही-ई, डब्ल्यू-आर अशा जोड्या टाइप करतो आणि झूम करून बघतो. मग मुलाची चाररेघी वही शेजारी ठेवतो. एफ, आर, झेड यांची वळणं शाळेगणिक बदलतात. बाईंनी शिकवलेलं वळण एक आणि आपल्या प्रिंटवर दुसरंच, असं झालं की मूल गोंधळतं.

शोधायला सुरुवात कुठून करायची? २०२४ मध्ये गूगल फॉन्ट्सवर टाइपटुगेदर या संस्थेचे 'प्लेराइट' फॉन्ट आले. नावात खेळण्यातला 'प्ले' आणि लिहिण्यातला 'राइट'. वेगवेगळ्या देशांत शाळेत शिकवतात त्या वळणांप्रमाणे ते बनवलेत, भारतासाठीही एक आहे, आणि सगळे फुकट. तरी वहीशी ताडून बघाच.

आणि एक. बहुतेक फॉन्ट फक्त तयार अक्षर दाखवतात. पेन्सिल कुठून सुरू होते, कुठे वळते हे नाही. म्हणून प्रिंट हातात देण्याआधी एक ओळ मुलासमोर स्वतः लिहा, सावकाश. चला, भेटू पुढच्या भागात!