प्रादेशिक विमानसेवेतील वैमानिक : व्यवसायमार्ग व वेतनमान

लहान शहरे व मोठे विमानतळ यांदरम्यान प्रवाशांची ने-आण करणाऱ्या दुय्यम विमान कंपन्यांतील वैमानिकवर्ग. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या वर्गाचे स्वरूप विशेष ठळकपणे दिसते. तेथे १९७८ च्या कायद्याने भाडी व मार्ग यांवरील सरकारी नियंत्रण हटविण्यास आरंभ झाला. पुढे मोठ्या कंपन्यांनी आपली उड्डाणे काही मध्यवर्ती विमानतळांवर एकवटली व कमी प्रवाशांचे बरेचसे मार्ग प्रादेशिक कंपन्यांकडे कंत्राटाने सोपविले. विमानावरील नाव व रंग मोठ्या कंपनीचे, तिकीटही तिचेच. वैमानिक मात्र दुसऱ्याच कंपनीचा नोकर व त्याचे वेतनमान निराळे. प्रवाशास हा भेद सहसा जाणवत नाही.

विमानाचा प्रकार, तळ, सुट्या व कप्तानपद या गोष्टी सेवाज्येष्ठतेवर, म्हणजे नोकरीस लागल्याच्या तारखेवर ठरतात. ही ज्येष्ठता सामान्यतः दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. वीस वर्षे कप्तान असलेला वैमानिकही नव्या कंपनीत यादीच्या तळाशी, बहुधा सहवैमानिक म्हणून लागतो. त्यामुळे मोठ्या कंपनीच्या यादीत लवकर शिरणे हेच बहुतेकांचे उद्दिष्ट असते. सक्तीच्या निवृत्तीचे वय (२००७ पर्यंत ६०, त्यानंतर ६५) जवळ येऊ लागले, की मिळालेले कप्तानपद सोडून नव्याने आरंभ करणे परवडत नाही. प्रादेशिक नोकरी ही उमेदवारी आहे, या समजुतीवरच तेथील अल्प वेतन दीर्घकाळ टिकून राहिले.

वेतन ताशी असते. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा काळच सामान्यतः मोजला जातो. पूर्वतपासणी व दोन उड्डाणांमधील खोळंबा त्यात येत नाही. लहान पल्ल्यांच्या फेऱ्यांत असा काळ बराच असल्याने त्याची झळ याच वर्गास अधिक लागते.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी बफलोजवळ कोलगन एअर या कंपनीचे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. कप्तानाची चुकीची प्रतिक्रिया हे अपघाताचे संभाव्य कारण ठरले; तथापि सहवैमानिक सिअ‍ॅटलहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती, हेही चौकशीत उघड झाले. तिचे वार्षिक वेतन तेथे सुमारे १६,००० डॉलर सांगण्यात आले. कंपनीने नंतर अधिक आकडा दिला. २०१० च्या कायद्यानुसार २०१३ पासून सहवैमानिकासही १,५०० तासांच्या उड्डाणानुभवाची अट लागू झाली (पूर्वी सुमारे २५० तास पुरत). माजी लष्करी वैमानिक व विमानविद्येचे पदवीधर यांना तीत सवलत आहे. अपघातग्रस्त विमानाच्या दोन्ही वैमानिकांचा अनुभव मात्र या मर्यादेहून अधिक होता, हे लक्षणीय होय.

प्रशिक्षणाचा खर्च प्रचंड व आरंभीचे वेतन तुटपुंजे, यामुळे उमेदवार रोडावले. रिपब्लिक एअरवेज कंपनीने फेब्रुवारी २०१६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करताना वैमानिकांच्या टंचाईचे कारण दिले. टंचाई वैमानिकांची नसून पुरेशा वेतनाची आहे, असे वैमानिक संघटनेचे म्हणणे होते. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर ताशी ९० डॉलरपर्यंत नेला. यातील काही वाढ तात्पुरती होती. मोठ्या कंपन्यांची भरती तेव्हा जोरात असल्याने अनुभवी कप्तान बाहेर पडतच राहिले. त्याच वर्षी स्कायवेस्ट कंपनीने वैमानिकांच्या अभावी सरकारी अनुदानावर चालणारी २९ लहान शहरांची सेवा सोडण्याची सूचना दिली.