दुखणं कण्यात, खूण गोठ्यात

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद. या सीमाभागात असं एखादं घर तुम्हालाही माहीत असेल. वडील बाजेवर पाठ धरून पडलेत. कूस बदलायची म्हटली तरी कळ उठते. रात्री ठणका वाढतो, संध्याकाळी अंगात कसर भरते, पहाटे घामानं बंडी भिजते. उदगीर झालं, लातूर झालं, सोलापूर झालं. बिदरच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर निघाला, आता कुणी कलबुर्गी सुचवतं, कुणी हैदराबाद. पिशवीत रिपोर्टांची चळत आहे आणि बहुतेकांवर एकच शब्द आहे, ‘नॉर्मल’. उशाशी बसलेल्या लेकाला, लेकीला कळेनासं होतं. काहीच निघत नाही, मग दुखतंय काय?

हा प्रश्न भाबडा वाटतो, पण त्याच्या पोटात फार मोठं नवल आहे.

आधी एक गोष्ट बघा. दुखतं तिथंच बिघाड असेल, असं आपण धरून चालतो. शरीर मात्र तसं वागत नाही. काळजाचं दुखणं डाव्या हातात उतरतं. खुब्याचा सांधा बिघडतो आणि माणूस गुडघा चोळत बसतो. पोटात, श्वासपटलाखाली पू झाला तर खांदा दुखतो! खांदा का? कारण आईच्या पोटात असताना आपलं श्वासपटल मानेपाशी तयार होतं आणि मग खाली सरकतं. सरकताना ते मानेतली आपली नस सोबत ओढून आणतं. साठ वर्षांच्या माणसाच्या खांद्यात उठणारी कळ त्याच्या जन्माआधीच्या प्रवासाची खूण असते. मग एका तपासणीत दुखण्याचा पत्ता लागला नाही, यात आश्चर्य ते काय?

आता एका आजाराची गोष्ट सांगतो. असल्या नाव नसलेल्या दुखण्यामागे तो कधी कधी लपलेला असतो, आणि आपल्या भागाशी त्याचं नातं फार जवळचं आहे. गोष्ट सुरू होते भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर.

तिथल्या छावणीतले ब्रिटिश सैनिक एका विचित्र तापानं महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळायचे. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. सांधे आणि कंबर अशी दुखायची की धडधाकट जवानांना उठवत नसे. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं या तापानं दगावलेल्या सैनिकाच्या प्लीहेतून एक अतिसूक्ष्म जंतू वाढवून दाखवला. पुढं त्याच्याच नावावरून या आजाराला ब्रुसेलोसिस म्हणू लागले. गुन्हेगार सापडला, पण तो सैनिकांच्या अंगात शिरतो कुठून? हवेतून, पाण्यातून, डासांमधून? उत्तर सापडायला अठरा वर्षं लागली.

१९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं. माल्टात तेव्हा गवळी शेळ्या घेऊन दारोदार फिरत आणि उंबऱ्यावरच धार काढून देत. शेळ्या टवटवीत, दूध ताजं, कुणाला शंका येणार? त्याच टवटवीत शेळ्यांच्या दुधात ब्रूसचा जंतू सापडला. त्याच वर्षी ‘जोशुआ निकोल्सन’ नावाच्या बोटीतून माल्टाच्या शेळ्या अमेरिकेला निघाल्या होत्या. वाटेत खलाशांनी ते ताजं दूध आवडीनं प्यायलं आणि खलाशी तापानं फणफणले. पुढच्या वर्षी छावणीत शेळीचं दूध बंद झालं आणि सैनिकांमधला हा ताप झपाट्यानं ओसरला. इतकी वर्षं ज्याला शोधत होते, ते रोज दारात येऊन उभं राहत होतं.

पण हा जंतू शरीरात शिरल्यावर इतका काळ सापडत का नाही? त्याची युक्ती अचाट आहे. आपल्या रक्तात बाहेरच्या जंतूंना गिळून पचवणाऱ्या पेशी असतात. बहुतेक जंतू त्यांच्यापासून पळतात. हा उलट त्यांच्याच पोटात शिरतो आणि तिथं न पचता वाढत राहतो. चोरानं पोलीस चौकीतच मुक्काम ठोकावा, तसं. शिवाय त्याच्या अंगावरचं आवरण असं आहे की शरीराची धोक्याची यंत्रणा नीट जागीच होत नाही. त्या पेशींवर स्वार होऊन तो यकृतात, प्लीहेत, हाडांच्या मगजात पोचतो. मोठ्या माणसांत कमरेचे मणके आणि माकडहाडाच्या वरचा, कटीचा सांधा ही त्याची आवडती ठिकाणं. तिथं तो सावकाश पोखरतो. इतका सावकाश की सुरुवातीचे काही आठवडे साध्या एक्स-रेत काही दिसतच नाही. म्हणजे वडील कण्हत असतात ते खरं आणि एक्स-रे स्वच्छ असतो तेही खरं!

ॲलिस इव्हान्स यांचं उदाहरण मला इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. या अमेरिकी संशोधक बाईंनी १९१८ साली दाखवून दिलं की माल्टाच्या शेळ्यांमधला जंतू आणि गायींचे गाभ पाडणारा जंतू सख्खे भाऊबंद आहेत, तेव्हा कच्चं दूध धोक्याचं आहे. बाई आणि त्यात डॉक्टरेट नसलेली, म्हणून अनेक बड्या शास्त्रज्ञांनी त्यांचं म्हणणं उडवून लावलं. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना याच जंतूची लागण त्यांना झाली. ताप आणि वेदनांनी त्या वर्षानुवर्षं हैराण राहिल्या, आणि डॉक्टरांनी निदान काय केलं? मनाचा अशक्तपणा! या जंतूची जगातली मोठी जाणकार बाई स्वतःच्या अंगातलं दुखणं सांगतेय आणि तिलाच ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे ऐकावं लागतंय. पुढं एका शस्त्रक्रियेत त्यांच्या शरीरातूनच हा जंतू निघाला, तेव्हा तोंडं बंद झाली.

आता आपल्या दाराशी या. कलबुर्गीला लागून विजयपूर जिल्हा. तिथल्या बी. एल. डी. ई. संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बी. जी. मंटूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चिकाटीचं काम केलं. दवाखान्यात येणाऱ्या प्रौढ रुग्णांचं रक्त ते सोळा वर्षं या एका आजारासाठी तपासत राहिले. सुमारे २७ हजार नमुन्यांतून ४९५ रुग्ण सापडले. २००६ साली हे काम प्रसिद्ध झालं. शंभरात दोनही नाहीत, पण जरा विचार करा. कुणी शोधलंच नसतं तर हे ४९५ लोक काय नाव घेऊन घरी गेले असते? टायफॉईड, संधिवात, टीबी, वयोमान, नाहीतर नुसतंच ‘टेन्शन घेऊ नका’.

आणि आपल्या भागात हा जंतू का नसावा? दारात उस्मानाबादी शेळी, गोठ्यात देवणी गाय, रानात मेंढ्यांचे कळप. शेळी गाभडली की मेलेलं करडू आणि वार आपण उघड्या हातांनीच उचलतो. बाळंत होताना शेळी अडली तर हात घालून करडू ओढणारा जाणता माणूस म्हणजे बहुतेकदा घरातले वडीलच. नेमक्या त्या वारेतच जंतूंचा सुकाळ असतो. कारण गाय-शेळीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते आणि या जंतूला ती फार मानवते. हातावरच्या बारीकशा खरचटीतूनही तो आत शिरतो. त्यात धारोष्ण दुधानं ताकद येते, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास! दूध पौष्टिकच, पण एक उकळी आली की हा जंतू मरतो, आणि न उकळता प्यायलं की तो जिवंत पोटात जातो.

तपासणी बघाल तर तीही एक नवलच आहे. रुग्णाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, ओळीनं मांडलेल्या नळ्यांत टप्प्याटप्प्यानं पातळ करत नेतात, विसात एक, चाळिसात एक, ऐंशीत एक, एकशेसाठात एक, अजून पुढं. प्रत्येक नळीत मारलेल्या जंतूंचं गढूळ पाणी घालतात आणि अंगाइतक्या उबेत ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी बघावं तर काही नळ्यांत जंतू एकमेकांना चिकटून तळाशी बसलेले आणि वरचं पाणी नितळ! ज्या रक्तानं या जंतूशी झुंज दिली आहे, तेच हे करू शकतं. एकशेसाठच्या नळीपर्यंत किंवा त्यापुढं पाणी नितळलं, तर आजाराचा संशय बळावतो. कधी कधी रक्तात झुंजणारी द्रव्यं इतकी जास्त असतात की पहिल्या नळ्या उलट गढूळच राहतात आणि पुढच्या पातळ नळ्या नितळतात. पहिल्या दोन नळ्या बघून ‘काही नाही’ म्हणणारा फसतो. गुलाबी रंगाच्या थेंबाची चाचणी तर चार मिनिटांत पहिला इशारा देते. जंतू वाढवून बघायचा तर मात्र थांबावं लागतं. तो इतका आळशी आहे की जुन्या पद्धतीत नमुना कित्येक आठवडे ठेवावा लागायचा. लॅबवाल्याला आधी सांगून ठेवलं नाही, तर बाटली लवकर फेकली जाण्याची भीती.

जनावराची परीक्षा याहून देखणी. गायीच्या दुधात जांभळट रंग दिलेले मेलेले जंतू टाकतात. गायीला लागण असेल तर वर येणाऱ्या सायीसोबत रंगही वर चढतो आणि तोंडाशी जांभळं कडं उमटतं. कर्नाटकचं पशुवैद्यकीय विद्यापीठ २००४ पासून बिदरमध्येच, नंदीनगरला आहे. माणसाचा दवाखाना आणि जनावराचं विद्यापीठ एकाच गावात असताना दोन्हीकडची माहिती एकत्र यायला अडचण काय? ती जोडणारा माणूस घरातलाच असतो. गेल्या पावसाळ्यात दोन शेळ्या गाभडल्या, हे कुठल्याही एमआरआयमध्ये दिसत नाही. ते तुम्हाला माहीत असतं.

टीबीशी होणारी गल्लतही समजून घ्या, कारण ती फार फसवी आहे. कण्याचा टीबी आणि कण्याचा ब्रुसेलोसिस दोन्हींत पाठ दुखते, संध्याकाळी ताप येतो, वजन घटतं. टीबीसाठी दिलं जाणारं रिफाम्पिसिन आणि पूर्वी सर्रास दिलं जाणारं स्ट्रेप्टोमायसिन ही औषधं या जंतूवरही चालतात! त्यामुळं चुकीच्या निदानावरही थोडा आराम पडतो आणि सगळे गाफील होतात. ब्रुसेलोसिसला डॉक्सीसायक्लिन सहा आठवडे आणि सोबत दुसरं औषध लागतं. कण्यात शिरला असेल तर आणखी जास्त काळ. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं, तर तो पुन्हा उठतो.

प्रत्येक ठणक्यामागे शेळी नसते, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. मुतखडा असेल, टीबी असेल, हाडातली गाठ असेल. ते डॉक्टरांनी शोधायचं. तोवर उशाशी बसलेल्यानं काय करायचं?

दुखणं कमी करून मागा. वेदनाशामक दिलं तर खरं दुखणं झाकलं जाईल, ही डॉक्टरांचीही जुनी समजूत होती. पोटदुखीच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या, तेव्हा नीट दिलेल्या वेदनाशामकानं निदान चुकत नाही असं दिसलं. गावातल्या बिननावाच्या सुईची गोष्ट वेगळी. तिच्यात स्टेरॉइड असलं तर ताप आणि सूज दबते आणि खुणा पुसल्या जातात. म्हणून प्रत्येक इंजेक्शनचं नाव लिहून घ्या. पाय लुळे पडू लागले, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, तर मात्र त्याच रात्री मोठा दवाखाना गाठा.

पाठीवरून फिरणाऱ्या हाताला कमी लेखू नका. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक फाटक असतं आणि स्पर्शाच्या जाड नसा ते लोटून घेऊ शकतात. आई दुखऱ्या जागी फुंकर घालून हात फिरवते, तेव्हा ती नेमकं हेच करत असते. मेल्झॅक यांनीच १९७५ मध्ये रुग्णांच्या तोंडचे वेदनेचे ७८ शब्द जमवून एक प्रश्नावली केली, कारण दुखणं ठसठसतं की चमकतं की जळतं, यावरून निदानाची दिशा ठरते. तेव्हा डॉक्टर कन्नड बोलणारे असोत की इंग्रजी, वडील काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून न्या आणि समजावून सांगा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय म्हणत असेल तर त्याच्या म्हणण्याचा मान राखा. वडिलांना ‘तुम्ही फार मनाला लावून घेता’ असं म्हणू नका.

आणि उद्या दवाखान्यात जाल तेव्हा एका कागदावर एवढं लिहून न्या: ताप कधी चढतो, पहाटे घाम येतो का, घरात कोणती जनावरं आहेत, वर्षभरात कोणती गाभडली, वार कुणी उचलली, दूध उकळून पितात का. कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि विचारा, ‘ब्रुसेलाची तपासणी करून बघू या का?’ तिला रक्ताचा एक नमुना पुरतो.