‘थांबा, मी करून दाखवते!’

२०२४च्या फेब्रुवारीत अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू खुली झाली, आणि मग लक्षात आलं, की शेजारचा बर्फीवाला पूल त्याला भिडतच नाही. दोघांची उंचीच जुळत नव्हती. अंधेरीकर पुढे कितीतरी दिवस हसत होते. वस्त्यांमधली ‘जनजागृती’ची पथनाट्यं बघताना मला हटकून तो पूल आठवतो. काळे टी-शर्ट, कमरेला ओढण्या, डफ. वीस मिनिटांत क्षयरोग, दारू, हुंडा, ओला कचरा-सुका कचरा, सगळं उरकतं. टाळ्या, ग्रुप फोटो, टेम्पो गेला. नळावरची बाई परत नळावर. पूल आहे, पण भिडत नाही.

तिला माहिती कमी असते, असं आपण धरून चालतो. मरोळ-साकीनाक्याच्या एखाद्या गल्लीतली सून डोळ्यांपुढे आणा. तिला टीबी निघालाय. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, साधारण सहा महिने न चुकता घ्यायचं, मध्येच सोडलं तर आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. पोषणासाठी खात्यात पैसे येतात, २०१८ साली महिन्याला पाचशे होते, २०२४च्या नोव्हेंबरपासून हजार झाले. हे सगळं तिला पाठ आहे. तिचं अडलंय ते दहा बाय बाराच्या खोलीत गोळ्या सासूच्या नजरेआड ठेवायच्या कुठे, इथे. सध्या त्या तांदळाच्या डब्यात आहेत.

हीच गोष्ट ‘फोरम थिएटर’मध्ये अशी येईल: सासू तांदूळ निवडायला घेते, पाकीट सापडतं, तमाशा होतो, गोळ्या बंद. नाटक वाईटावर संपतं, आणि मुद्दामच. मग सूत्रधार विचारतो, असंच होणार होतं का? नाटक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, पण आता प्रेक्षकांतलं कुणीही ‘थांबा’ म्हणू शकतं आणि सुनेच्या जागी उभं राहू शकतं. एकजण येते, नवऱ्याला आधी विश्वासात घेते. नवरा झालेला नट सहजासहजी विरघळत नाही. ‘आईला तूच सांग,’ म्हणून मोबाइल उघडतो. गल्ली हसते, कारण हा नवरा सगळ्यांच्या घरी आहे. दुसरी आरोग्यसेविकेला घरी बोलावते. तिसरी सांगते, ताटं-वाट्या वेगळ्या करतील म्हणून मी गप्पच राहीन. हे तिसरं उत्तर ऐकण्यासाठीच हा सगळा खटाटोप. कुठल्याही भित्तिपत्रकावर ते सापडत नाही.

ही रीत ब्राझीलच्या आगुस्तो बोआलची. लष्करी राजवटीत तुरुंग आणि छळ भोगून तो देशाबाहेर पडला. १९७३ साली पेरूत साक्षरता मोहिमेचं काम करताना त्याने एका बाईची गोष्ट रंगवली. नवऱ्याने घरात जपून ठेवायला दिलेली ‘महत्त्वाची कागदपत्रं’ म्हणजे दुसऱ्या बाईची प्रेमपत्रं निघतात. बिचारीला वाचता येत नव्हतं. आता काय करावं? प्रेक्षकांतली एक दांडगी बाई म्हणाली, त्याच्याशी स्पष्ट बोलावं. नटीने दोन-तीनदा ‘स्पष्ट’ बोलून पाहिलं. बाईचं समाधान होईना. शेवटी बोआलने तिलाच वर बोलावलं. तिने केरसुणी उचलली आणि नवरा झालेल्या नटाला बडव-बडव बडवलं, मग आतून जेवण आणायला लावलं. ‘स्पष्ट बोलणं’ या शब्दांचा अर्थ त्या दिवशी बोआलला कळला. पुढे रिओचा नगरसेवक असताना (१९९३-९६) त्याने अशाच खेळांमधून आलेल्या सूचनांवर तेरा कायदे करून घेतले. आपल्या वॉर्ड ऑफिसात कुणी हे करून बघावं!

बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेली ‘जन संस्कृती’ ही संस्था खेड्यापाड्यांत हे काम करते आहे. आपल्याकडे तर सत्यशोधकी जलसे होते, नाशिकच्या भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे होते. गाणं, बतावणी, आणि त्यातूनच सरळ सवाल. मुंबईत १९७५ साली उभ्या राहिलेल्या स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ आणलं. ते मंचावर, मैदानात, जिथे जागा मिळेल तिथे झालं. कामं करणाऱ्या बऱ्याचजणी नटी नव्हत्याच. बोआलसारखा ‘थांबा’ त्यात नव्हता. पण संघटनेने नाटकाबरोबर कुटुंब सल्ला केंद्रंही चालवली, आणि मला ती गोष्ट नाटकाइतकीच मोठी वाटते. रडायला लावून निघून जाणं सोपं असतं.

अंधेरी पश्चिमेला आरामनगरच्या गल्ल्यांत रोज ऑडिशनच्या रांगा लागतात. नटांचा तोटा या उपनगरात कधीच नव्हता. पण या कामात नटाला संवाद पाठ असून भागत नाही. समोरची बाई काय बोलेल ते ठाऊक नसताना त्याला नवरा म्हणून टिकायचं असतं, आणि तिचा डाव खरंच जमला की हरायचंही असतं. सूत्रधाराचं काम तर याहून अवघड: स्वतःचं मत गिळायचं. आणि अशा खेळांना पैसे देणाऱ्या कंपन्या विचारतात, महिन्यात किती प्रयोग?

दोनच, असं उत्तर देता आलं पाहिजे. कारण खेळ संपल्यावर तासभर तिथेच बसावं लागतं, सतरंजीची घडी घालत, चहा रेंगाळवत. गर्दी पांगते, पोरं क्रिकेटला पळतात, आणि मग खेळात एक शब्दही न बोललेली एखादी जवळ येऊन हळूच विचारते, त्या गोळ्यांनी लघवी लाल होते, ती घरात कुणाला दिसली तर काय सांगायचं?